चाळ बांधण्याआधी

संगमनेर

चि. मृण्मयीस,

घोट्याची सूज उतरली, आता पायात चाळ बांधू का, असं विचारलंस. अजून नको. घोट्यांच्या दुखापतींवर व्यायाम देण्यात माझी सारी नोकरी झाली, म्हणून हक्काने सांगते.

पाऊल आत वळून मुरगळलं की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध ताणतात, कधी फाटतात. पाऊल कसं टेकलंय याची खबर मेंदूला देणाऱ्या बारीक नसा तिथेच असतात. दुखणं थांबलं तरी ती खबर उशिरा पोचत राहते, सावरायला उशीर होतो आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. चवड्यांवर नाचणाऱ्या बॅलेच्या मुलींनाही हाच त्रास. टाच उचलली की घोट्यातल्या हाडाचा मागचा अरुंद भाग खोबणीत येतो, सांधा सैलावतो. लावणीच्या गिरकीत तुझी टाच उचललेलीच असते, वर चाळांचं वजन.

आरशासमोर तोल राहतो, कारण डोळे मदतीला असतात. रंगमंचावर झोत डोळ्यांवर आला, समोर अंधार झाला, की भिस्त पायावर. म्हणून भिंतीजवळ एकट्या दुखऱ्या पायावर उभी राहा आणि डोळे मीट. घोटा लटपटला, दुसरा पाय लगेच टेकावा लागला, तर चाळ बांधायला अजून थांब. रोज हेच कर, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. चवड्यांवर चढउतारही कर, सावकाश. हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकवत नसतील, तर आधी एक्स-रे.

आपल्या हिवरगावच्या पवळाबाई, इथेच संगमनेरात राहिलेल्या कांताबाई सातारकर या तमाशातल्या थोर बायांची नावं घेऊन कुणी म्हणेल, त्या काय पाय दुखतो म्हणून थांबल्या? फडातल्या बाईचं जगणं बघ जरा. आज या जत्रेत, उद्या त्या. मैदानात ठोकलेल्या फळ्या, गाडीतली अर्धी झोप. दमलेला स्नायू वेळेवर सावरत नाही. पण खाडा केला तर सुपारी बुडायची, घर अडायचं. त्यांना विश्रांती मिळाली नाही, हा त्यांच्यावरचा अन्याय होता. त्याची शाबासकी करून तुझ्या गळ्यात घालू नये, असं मला फार वाटतं.

सरावाला परत जाशील तेव्हा आधी साधी पावलं, मग गिरक्या, चाळ शेवटी. तुला लावणी शिकवणाऱ्या बाईंशी मी फोनवर बोलते.

तुझी,
आत्या