गाव म्हणजे कोण?

डिचोली महालातील शिरगाव, मुळगाव आणि मये ही नावे उच्चारताच आमच्या बहुतेक वाचकांना तेथील देवतांचे स्मरण होईल. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया. सात बहिणी आणि खेतोबा हा त्यांचा भाऊ, या लोककथेतील ही भावंडे. परंतु या गावांना दुसरीही एक ओळख आहे, ती लोहखनिजाच्या खाणींची. पहिली ओळख शतकांची आणि दुसरी जेमतेम तीन पिढ्यांची. तरी या दुसरीने पहिलीच्या पायाखालची भूमी किती पोखरली, हे तेथील विहिरींना विचारावे.

एक टन खनिज हाती यावयाचे तर दोन-तीन टन माती बाजूस टाकावी लागते. त्या मातीचे डोंगर उभे राहतात, आणि पावसाळ्यात तेच डोंगर ओहोळांवाटे शेतात उतरतात. वायंगण पिकणाऱ्या जमिनीवर लाल गाळाचा थर बसतो. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला म्हणजे आत झिरपणारे पाणी रात्रंदिवस पंपांनी उपसावे लागते; मग भोवतालच्या विहिरी आटतात, आणि ज्या गावात कुळागरे बारमाही पाटाच्या पाण्यावर वाढली, त्या गावात टँकरची वाट पाहिली जाते. २०१०–११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि त्याच वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून खोदाई पुन्हा बंद पडली. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले, २०२४ पासून काही ठिकाणी यंत्रे पुन्हा फिरू लागली. म्हणजे ज्यांना गाव नव्याने उभे करावयाचे आहे, त्यांच्यापाशी निवांतपणाही नाही.

गावाचे पुनरुज्जीवन गावानेच करावे, असे सर्वजण म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. परंतु हे वाक्य जितके सोपे वाटते तितके ते सोपे नाही, कारण त्यात ‘गाव’ हा शब्द येतो.

आमच्या प्रदेशात या शब्दाला फार जुना अर्थ आहे. गावकरी ही संस्था पोर्तुगीज येण्यापूर्वीची. १५२६ च्या ‘फोराल’मध्ये त्यांनी तिचे रीतिरिवाज केवळ लिहून घेतले. जमीन समाईक, ती लागवडीस लिलावाने द्यावयाची, उत्पन्नातून प्रथम सरकारदेणे, देवाचा खर्च आणि बांधबंदिस्ती भागवावयाची, व मगच उरलेले वाटून घ्यावयाचे. बांध आणि देव यांचा खर्च एकाच वहीत मांडणारे हे शहाणपण आजही आम्हांस थोर वाटते. ओहोळातला गाळ काढणे हे देवकार्याइतकेच आवश्यक आहे, ही गोष्ट त्या लोकांना कोणी व्याख्यान देऊन शिकवावी लागली नाही.

मात्र ‘उरलेले’ कोणात वाटले जाई, हे विचारले म्हणजे अडचण सुरू होते. ते वाटले जाई गावकरांत, म्हणजे मूळ घराण्यांच्या पुरुषांत. शेत कसणारे कूळ, भाटकाराच्या जागेत घर बांधून राहणारा मुंडकार, डोंगरावरचा धनगर, आणि घरोघरच्या स्त्रिया यांना त्या वाटणीत स्थान नव्हते. खाण आली तेव्हा धूळ मात्र सर्वांच्या वाट्यास सारखी आली. विहीर आटली ती वंशावळ पाहून आटली नाही. मग आज ‘गावाने ठरविले’ असे म्हणताना ते जुने गाव मोजावयाचे की धूळ खाल्लेले गाव?

येथे कोणी म्हणेल, परंपरेने चालत आलेले अधिकार सोडून दिले तर देवस्थानच राहणार नाही. ही भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. देवळातील मान-पानाचा प्रश्न वेगळा आहे, तो महाजनांनी आपल्या रीतीने सोडवावा. परंतु पाणी हा मानाचा विषय नव्हे. आणि परंपरेचाच आधार हवा असेल तर सात बहिणींच्या कथेकडे पाहावे. त्यांतील एक बहीण मिराबाय म्हापशास गेली, आणि आज तेथील ख्रिस्तमंदिरात ती मिलाग्रीस सायबीण म्हणून पुजली जाते असे लोक मानतात. धर्म बदलला तरी लोकमानसाने तिला बहिणींतून वजा केले नाही. ज्या लोकांनी एवढे मोठे अंतर नात्यात सामावून घेतले, त्यांना आपल्याच वाड्यावरचा मुंडकार परका वाटावा, हे आम्हांस समजत नाही.

दुसरी गोष्ट बोलावयास अधिक कठीण आहे. गाव उजाड झाले ते केवळ बाहेरच्यांनी केले काय? ट्रक आमचे होते, कर्जे आम्ही काढली होती. ज्याच्यापाशी ट्रक नव्हता त्याच्या घरी खाणीवरचा पगार येत होता. देवस्थानांनाही देणग्या आल्या. आपल्या सभामंडपाची फरशी कोणत्या पैशातून बसली, हे पुष्कळ महाजनांना ठाऊक आहे, आणि त्या फरशीवर बसून आम्हीही भजने ऐकली आहेत. यात दुष्टपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. २०१२ साली हप्ते थकलेला ट्रकवाला हा अपराधी नव्हे, तो फसलेला माणूस आहे. तरी ज्याने अन्न खाल्ले त्याने पानही उचलावे, एवढे तर आमच्या घरांतील मुलांनाही शिकविले जाते.

न्यायालयाने २०१४ साली खनिजविक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावी असे ठरवून दिले; २०१५ च्या कायद्याने खाणबाधितांसाठी जिल्हा निधीचीही तरतूद झाली. हा पैसा गावाला मिळाला पाहिजे. पण आमच्या मते हा भरपाईचा भाग झाला, आणि भरपाई दुसऱ्याकडून घ्यावयाची असते. स्वतः द्यावयाचे ते प्रायश्चित्त. ते श्रमानेच देता येते: ओहोळ मोकळा करणे, बांधाची खांडे बुजविणे, शेतातील गाळाचा थर उपसणे. त्यातून गावाला एक गोष्ट आपोआप कळेल. फावडे घेऊन कोण आले, आणि कोण फक्त सभेत बोलले, हे पाहिले म्हणजे गाव कोण याची यादी निराळी करावी लागणार नाही.

आता एक चमत्कारिक प्रसंग उद्भवला आहे. ज्या खंदकांनी विहिरींचे पाणी ओढून घेतले, तेच खंदक पडीक पडल्यावर पाण्याने तुडुंब भरले, आणि काही खंदकांतील पाणी उन्हाळ्यात टंचाई भागविण्यास वापरले गेले. हे पाणी कोणाचे? पट्टेदाराचे, सरकारचे, गावकरांचे, की ज्यांच्या विहिरी आटल्या त्या घरांचे? वैशाखात लईराईच्या जत्रेस हजारो धोंड जमतात व व्रताच्या दिवसांत तळी-ओहोळांवर स्नान करतात. त्या दिवसांत प्रत्येक वाड्यावरील विहिरींत किती हात पाणी उरले, हे मोजून देवळाच्या फळ्यावर लिहावे, आणि मुंडकाराच्या विहिरीपासून आरंभ करावा, अशी आमची महाजनांना विनंती आहे.