सांभाळायला घेतलेला जीव



आज एका अगदी लहान जिवाबद्दल लिहीत आहे. तो इतका लहान आहे की बोटाच्या एका पेरावर मावेल. पण त्याने मला जो प्रश्न विचारायला लावला तो लहान नाही, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला होता. आपल्या वेदीसेवकांपैकी एक मुलगा मिस्सानंतर मला भेटायला आला. त्याच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी होती. बरणीत पाणी, पाणवनस्पतीची एक काडी आणि आठ-दहा कोळंब्या होत्या. आपण बाजारातून आणतो ती ही कोळंबी नव्हे. ही गोड्या पाण्यातली, जेमतेम इंचभर, आणि अंग असे पारदर्शक की पलीकडचे दिसावे. मुलाचे आजोळ वसईला. तिथे आजोबांच्या वाडीत बावखल आहे. त्यातून आजोबांनी त्या धरून दिल्या होत्या. "फादर, तुमच्यासाठी आणल्यात," तो म्हणाला.

माझ्याकडे काचेची एक टाकी रिकामी पडून होती. मी ती धुतली, तळाशी रंगीत खडे टाकले, नळाच्या पाण्याने भरली आणि बरणी तिच्यात ओतली. रात्री पाहिले तर कोळंब्या काचेला लागून वरखाली सैरावैरा पोहत होत्या. मला वाटले, मोठी जागा मिळाली म्हणून आनंदल्या असतील. सकाळी साऱ्या तळाशी पडलेल्या होत्या. पारदर्शक अंग शिजवल्यासारखे पांढरट-गुलाबी झाले होते. मी टाकी रिकामी केली आणि कामाला लागलो.

पुढच्या रविवारी मुलाने विचारले, "फादर, कशा आहेत?" मी म्हणालो, "मजेत आहेत."

नंतर माझे मलाच नवल वाटले. एवढ्याशा जिवांसाठी मी वेदीजवळ उभा राहून एका मुलाशी खोटे का बोललो? मेल्या म्हणून सांगायला हरकत काय होती? त्यांचा मृत्यू खरोखरच क्षुल्लक असता, तर तो लपवण्याची गरजच पडली नसती. आपण लपवतो ते जिथे आपले काही चुकले आहे असे आत कुठेतरी ठाऊक असते तिथेच.

इथे आपल्यापैकी बरेच जण हसतील. "फादर, रविवारी आमच्या घरी कोळंबीचे कालवण होते आणि तुम्हीही ते आवडीने खाता. मग आठ-दहा मेल्या तर एवढे काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तन, पाली, चौकच्या आपल्या कोळी बांधवांचे तर जीवनच मासळीवर चालते. प्रभू येशूने कोळ्यांनाच प्रथम हाक मारली आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांसमोर भाजलेली मासळी खाल्ली. तेव्हा मासळी खाणे हे पाप नव्हे.

तत्त्वज्ञानात याविषयी जुना वाद आहे. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने प्राण्यांना यंत्रासारखे मानले. त्याच्या पुष्कळ आधी संत थॉमस अक्वायनस यांनी निराळे कारण देऊन सावध केले होते. प्राण्यांशी क्रूरपणे वागणाऱ्या माणसाला क्रूरतेची सवय लागते आणि पुढे तो माणसांशीही तसाच वागू लागतो, असे त्यांचे म्हणणे. ख्रिस्तसभेची शिकवण आज आणखी पुढे जाते. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ती सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट केले की इतर जीव केवळ आपल्या उपयोगाचे म्हणून मोलाचे नाहीत. देवाच्या दृष्टीत त्यांना स्वतःचे मोल आहे.

कोळंबीला यातना होतात का? २०२१ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासकांनी तीनशेहून अधिक संशोधनांचा आढावा घेऊन सांगितले की खेकडा, कोळंबी यांच्या वर्गातील प्राण्यांना संवेदना असते असे मानायला सबळ आधार आहे. २०२२ च्या ब्रिटिश प्राणीकल्याण कायद्यात त्यामुळे त्यांचाही समावेश झाला.

परंतु माझ्या बाबतीत यातले काहीच पुरेसे लागू पडत नव्हते. मी क्रूर नव्हतो. मी त्यांना छळले नाही. मी फक्त बेफिकीर होतो. आणि मला वाटते, आपल्यापैकी बहुतेकांची पापे अशीच असतात. आपण दुष्टपणा क्वचित करतो, पण बेफिकिरी रोज करतो.

खाणे आणि सांभाळणे यांत एक मोठा फरक आहे. कोळी समुद्रातून मासळी घेतो. ती घेईपर्यंत समुद्रच तिला सांभाळत असतो. कोळ्याने तिला कोणतेही वचन दिलेले नसते. त्याचे कर्तव्य समुद्राशी असते. पावसाळ्यात जाळे बंद ठेवावे, पिल्ले ओरबाडू नयेत, जे मिळाले त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. पण जो जीव मी काचेआड ठेवला, त्याचे बावखल मी काढून घेतले. आता त्याचे पाणी, त्याची हवा, त्याचा ऊन-सावलीचा हिशेब माझ्या हातात आला. तो ओरडू शकत नाही, पळून जाऊ शकत नाही. बरणी ओतली त्या क्षणी, तोंडाने न बोलताही, मी वचन दिले होते की तुझे बावखल आता मी होईन.

ते वचन पाळायचे तर काय करावे लागते, हे मी त्यानंतर शिकलो. ज्यांच्या घरी मुलांना टाकीची हौस आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून थोडे लिहितो.

पहिली गोष्ट, पाणी. आपल्या मीरा-भाईंदरला स्टेम आणि एमआयडीसी यांच्याकडून येणारे पाणी उल्हास नदीचे असते आणि आपल्या आरोग्यासाठी त्यात क्लोरीन घातलेले असते. कोळंबीला ते सोसत नाही. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते. क्लोरीन घालवणारे औषधही दुकानात मिळते. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण आरोग्यासाठी पितो, पण कोळंबीला तांब्याचा थोडासा अंशही घातक ठरतो. माशांच्या काही औषधांतही तांबे असते. माझ्यासाठी जे हितकर ते दुसऱ्यासाठी विष असू शकते, हा धडा फक्त टाकीपुरता नाही.

दुसरी गोष्ट, वाट पाहणे. नवी टाकी भरली की लगेच जीव सोडायचे नाहीत. कोळंबीच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. पाण्यात हळूहळू वाढणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू वाळूवर, स्पंजच्या फिल्टरवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाणवनस्पती लावाव्यात, चिमूटभर अन्न टाकून जिवाणूंना खाद्य द्यावे आणि पाहुण्यांविना घर तयार होऊ द्यावे. दुकानात मिळणाऱ्या चाचणीने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच कोळंब्या आणाव्यात. आणल्यावरही टाकीतले पाणी बरणीत थेंबाथेंबाने, तास-दीड तास सोडावे आणि मग त्यांना आत घ्यावे. मी हे काम पाच मिनिटांत उरकले होते.

तिसरी गोष्ट, लुडबूड न करणे. कोळंबी वाढताना जुने कवच टाकते. टाकीत पडलेले ते कवच पाहून ती मेली असे वाटते. ते काढू नये, कारण ती तेच पुन्हा खाते. नवे कवच मऊ असते तेव्हा ती दोन-एक दिवस लपून बसते. तिला शोधू नये. तिचे खाणे म्हणजे शेवाळ, कुजलेले पान आणि पानावर धरलेला बुळबुळीत थर. देशी बदामाचे वाळलेले पान टाकीत टाकले तर ती त्यावर दिवसचे दिवस चरते. जास्त खाऊ घालून पाणी नासवण्यापेक्षा एखादा दिवस उपवास बरा. आठवड्याला दहावा भाग पाणी बदलावे आणि टाकी उन्हात ठेवू नये.

चौथी गोष्ट, आपली मर्यादा ओळखणे. सगळेच जीव सांभाळता येत नाहीत. लांब नांग्यांची जी जात असते ती लहानांना खाते, म्हणून तिला या नाजूक कोळंब्यांबरोबर ठेवू नये. काही जातींची पिल्ले गोड्या पाण्यात जगतच नाहीत. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी अंडी घेऊन नदीतून खाडीच्या मचूळ पाण्यापर्यंत उतरते. केरळात वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम येथे बंधारा बांधला गेला आणि तिचा हा मार्ग अडला. पुढे तिथली मोठी कोळंबी फार कमी झाली. जी वाट सरकारी बंधाऱ्याने अडते ती माझ्या दीड फुटाच्या टाकीत कुठून मिळणार? असा जीव न आणणे हेच त्याच्यावरचे प्रेम. तसेच, राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यांतून काहीही उचलून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि हौस संपली म्हणून दुकानातले परदेशी मासे किंवा कोळंब्या तलावात सोडणे म्हणजे दया नव्हे. उजनी धरणात आज जे परदेशी सकर मासे जाळी फाडतात, ते मूळचे टाक्यांतलेच.

आणि शेवटी बावखल. पावसाचे पाणी साठवून विहिरी गोड ठेवणारी ही तळी आपल्या पूर्वजांनी खणली. इमारतींसाठी त्यांतली कितीतरी बुजवली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईसाठी जो लढा दिला, तो अशाच पाण्यासाठी आणि मातीसाठी होता. घरात दहा कोळंब्या नीट सांभाळल्या आणि बाहेर बावखल भरावाखाली गेले, तर आपण काय सांभाळले? टाकी ही बावखलाची जागा घेऊ शकत नाही. पण जे मूल टाकीसमोर सहा आठवडे थांबायला शिकते, ते मोठेपणी तळ्यात डेब्रिजचा ट्रक रिकामा होताना गप्प बसणार नाही, अशी मला आशा आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला जीवसृष्टीवर सत्ता देतो. ते आपल्या चांगले लक्षात राहते. दुसऱ्या अध्यायात (२:१५) तो माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत करायला आणि ती राखायला. ते आपण विसरतो. 'माझे आहे' याचा बायबलमधला अर्थ 'मी याचा राखणदार आहे' असा आहे.

बंधू-भगिनींनो, हा धडा मी कोळंबीवर शिकलो, पण तो लागू पडतो तो माणसांना. गावची वाडी सोडून आपण म्हाताऱ्या आईवडिलांना चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणतो. खोली देतो, टीव्ही देतो, वेळेवर जेवण देतो आणि मानतो की झाले. पण त्यांचे अंगण, शेजार, बोलीभाषेत हाक मारणारी माणसे आपण काढून घेतली, तेव्हा आपणही न बोलता एक वचन दिले होते. घरकामासाठी दूर गावाहून आणलेल्या मुलीलाही ते दिलेले असते. आपण त्यांना छळत नाही. फक्त चौकशी करायचे राहून जाते. मग कोणी विचारले की म्हणतो, "मजेत आहेत."

माझ्या खोट्याचे काय झाले ते सांगतो. त्या शनिवारी मी पापनिवेदनासाठी नेहमीप्रमाणे बसलो. लोक येत होते, आपल्या लहानसहान चुका प्रामाणिकपणे सांगत होते आणि मला माझ्या जागेवर बसवेना. रविवारी मिस्सानंतर त्या मुलाला बाजूला घेतले आणि म्हणालो, "बाळा, मी तुला खोटे सांगितले. त्या मेल्या. त्याच रात्री."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं. नळाचं पाणी ओतलं ना, फादर? मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं. आजोबा रागावले होते." आणि मग त्याने विचारले, "आता नीट टाकी केली तर परत आणू का?"

मी सांगितले, "सहा आठवड्यांनी आण."

तो सहा आठवड्यांनी आला. आज त्या टाकीत बावीस कोळंब्या आहेत. कमीजास्त असतील, कारण मोजणे कठीण आहे. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी मिस्सानंतर जरूर यावे. मुलांना घेऊन यावे. आणि घरी जाताना, आपल्या भरवशावर जगणारे असे कोण आहे ज्याची आपण बरेच दिवसांत विचारपूस केलेली नाही, याचा विचार करत जावे.

प्रभू तुम्हाला आणि तुम्ही सांभाळत असलेल्या प्रत्येकाला आशीर्वाद देवो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू