झाडांची निवडणूक
(वाचनासाठी शास्त्रभाग : शास्ते, अध्याय 9)



गिदोनाच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र अबीमलेख हा शखेम नगरातील आपल्या मामांकडे गेला आणि आपणास राजा करावे म्हणून त्याने त्यांच्यामार्फत नगरवासीयांची मने वळविली. हा आपल्याच रक्ताचा आहे, एवढे एकच कारण त्या लोकांस पुरे वाटले. त्यांनी बआल-बरीथाच्या मंदिरातून रुप्याची 70 नाणी काढून त्याच्या हाती दिली. त्या पैशाने त्याने उनाड व उतावळी माणसे भाड्याने घेतली आणि आपल्या 70 भावांना एकाच दगडावर ठार मारविले. लपून राहिलेला धाकटा योथाम तेवढा वाचला. त्याने गरिज्जीम डोंगरावर उभे राहून शखेमकरांस जो दृष्टांत सांगितला, तो आज तुमच्यापुढे ठेवण्याची आमची इच्छा आहे.

झाडे आपणांवर राजा नेमावयास निघाली. जैतुनाने आपले तेल सोडण्यास नकार दिला, अंजिराने आपली गोडी आणि द्राक्षवेलीने आपला रस. शेवटी झाडे काटेरी झुडुपाकडे गेली, आणि ते मात्र तत्काळ तयार झाले. त्याने आपल्या सावलीत येण्याचे आमंत्रण दिले, आणि न याल तर आपल्यातून अग्नी निघेल अशी धमकीही दिली. सज्जनहो, काटेरी झुडुपाला सावली ती केवढी!

आता आपण स्वतःकडे पाहू. राजकारण हा चिखल आहे, आपण बरे व आपले काम बरे, असे म्हणणारे पुष्कळ तरुण आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांचे काम खरोखरच चांगले असते. जैतुनाचे तेलही चांगलेच होते. परंतु जैतुनाकडे तर झाडांनी राज्याचा भार मागितला होता. तुमच्याकडे देश तेवढेही मागत नाही. पाच वर्षांतून एक सकाळ रांगेत उभे राहून योग्य माणूस निवडावा, इतकेच तो मागतो. 2024 सालच्या लोकसभा निवडणुकीत 96 कोटींहून अधिक मतदारांची नावे यादीत होती. प्रत्यक्ष मत देणारे सुमारे 64 कोटी भरले. म्हणजे दर तीन झाडांपैकी एक झाड गप्प राहिले.

हा अधिकार आपल्या वाडवडिलांस सहज लाभलेला नाही. 1935 च्या कायद्याखाली मत असे ते शेतसारा वा कर भरणाऱ्यास, किंवा शिकलेल्यास. भूमिहीन मजूर, बलुतेदार व बहुतेक स्त्रिया ह्यांस त्या यादीत स्थान नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे बहिष्कृतांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. 26 जानेवारी 1950 रोजी संविधानाच्या 326 व्या अनुच्छेदाने 21 वर्षांच्या प्रत्येक नागरिकास तो मिळाला, आणि 1989 सालापासून ही वयोमर्यादा 18 वर आली.

तरीही 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लक्ष स्त्रियांची नोंद यादीतून गळाली. कारण काय, तर त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढेच सांगितले. उत्तम मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढरास नावाने हाक मारतो, असे प्रभूने शिकविले. ज्या मुलीस देव नावाने ओळखतो, तिचे नाव यादीत आले काय, हे तिच्या आईबापांनी अवश्य पाहावे. आणि तिचे मत तिलाच ठरवू द्यावे. मतदान गुप्त असते, ते घरातल्या कर्त्या माणसापासूनही.

आता रुप्याच्या नाण्यांविषयी. शखेमात पैसा लोकांकडून उमेदवाराकडे गेला. आपल्याकडे कित्येक ठिकाणी तो मतदानाच्या आदल्या रात्री उलट्या वाटेने येतो. ज्याला 500 रुपये मिळतात त्याने पाच वर्षांच्या दिवसांनी त्यांस भागून पाहावे. रोजचे सुमारे 27 पैसे होतात. एवढ्यात तो गावाचे पाणी, शाळेचा मास्तर व दवाखान्याचे औषध ह्यांविषयी जाब विचारण्याचे तोंड विकून बसतो. शखेमात एकेका भावाच्या जिवामागे एकच नाणे पडले होते. पुढे तीन वर्षांनी त्याच अबीमलेखाने शखेमच्या बुरुजास आग लावली, आणि त्यात सुमारे 1,000 स्त्रीपुरुष जळून मेले. ज्यांनी नाणी मोजून दिली, त्यांच्याच नगरावर तो अग्नी उतरला.

प्रभूचे राज्य ह्या जगाचे नाही, मग आपण ह्यात का पडावे, असे कोणी विचारतील. त्यांनी यिर्मयाचे पत्र वाचावे. बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांस त्या संदेष्ट्याने त्या परक्या नगराचेही हित पाहण्यास व त्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. हा तर आपला स्वतःचा देश आहे. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. 1949 साली धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा नकोत असे ठरले, तेव्हा त्यांनी त्यास पाठिंबा दिला. आपल्या लोकांनी वेगळी पंगत मागितली नाही. मग सर्वांच्या पंगतीतील आपले पान रिकामे ठेवणे आपणांस शोभेल काय?

कोणास मत द्यावे हे आम्ही सांगणार नाही. धर्माच्या वा जातीच्या नावाने मत मागणे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये भ्रष्ट आचार ठरतो. आणि कायदा नसता तरीही उपासनेचे व्यासपीठ त्यासाठी नाही. आम्ही इतकेच सांगतो की, हा आपल्या रक्ताचा काय, असे न विचारता ह्याची सावली कोणावर पडेल, असे विचारा. विधवेवर, मजुरावर, परजातीच्या शेजाऱ्यावरही पडेल काय?

ज्यांस 18 वर्षे पूर्ण झाली त्यांनी नमुना 6 भरावा. 17 वर्षांच्या मुलामुलींसही आगाऊ अर्ज करता येतो. कामासाठी पुण्यामुंबईस जाऊन राहिलेल्यांनी नमुना 8 भरून नाव तेथे हलवावे. कारखान्यात वा दुकानात नोकरीस असणाऱ्यास मतदानाच्या दिवशी पगारी सुटीचा हक्क आहे, तो धन्यास नम्रपणे सांगावा. मंडळीतील तरुण संघाने एका रविवारी उपासनेनंतर यादी तपासावी आणि ज्या वृद्धांस चालवत नाही त्यांस मतदानाच्या दिवशी केंद्रापर्यंत पोहोचवावे.

दान आपल्या हाती आले असता ते जमिनीत पुरून ठेवणारा चाकर धन्यास काय उत्तर देणार? म्हणून ज्या दिवशी तुमचे नाव पुकारले जाईल, त्या दिवशी प्रार्थना करून, निर्भय मनाने व रिकाम्या हाताने जा. आणि ज्या परमेश्वराने तुम्हांस ह्या भूमीत लाविले, त्याच्यासमोर आपले मत द्या. तो तुम्हांस सुबुद्धी देवो. आमेन.