हेतू कुणाचा, सही कुणाची?

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘ही चौकशी राजकीय हेतूने प्रेरित आहे.’ बाकं बदलतात, बोलणारे बदलतात, वाक्य तेच राहतं. आरोपाला उत्तर द्यायचं नसेल तर आरोप करणाऱ्याच्या मनात शिरायचं, ही युक्ती आता सर्वपक्षीय झाली आहे. मला ही सगळी हेतूचर्चाच पळवाट वाटते.

पाळत ठेवताना इंग्रजांना अशा पळवाटेची गरज नव्हती. संदेश अडवू देणारा 1885चा तार कायदा, 1887ची गुप्तचर शाखा, टिळकांवरची पाळत : सारा कारभार उघडउघड राजकीय. स्वातंत्र्यानंतर कायदा तोच राहिला, फक्त राजकारणाचं नाव घ्यायची चोरी झाली. पुढची आणीबाणी, शहा आयोग, फोन टॅपिंगवरून 1988 मध्ये गेलेलं रामकृष्ण हेगडेंचं मुख्यमंत्रिपद, हे सारं परिचयाचं आहे.

खरी गफलत होते ती 1996च्या निकालाबाबत. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला लगाम घातला, असं आपण धरून चालतो. पण आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, असं सांगायचं न्यायालयाने टाळलं. आदेशावर सही गृहसचिवाची, आणि दोन महिन्यांत तो आदेश तपासणारी समितीही सचिवांचीच. लगाम आला खरा, पण घोडेस्वाराच्याच हाती. तेव्हापासून टॅपिंग बेकायदा ठरण्याची भीती कमी झाली. कागद नीट लिहिला की पुरे.

तो कागद कसा लिहिला जातो, याचा नमुना आपल्या विदर्भाचाच आहे. 2016-17 मध्ये नाना पटोलेंचा फोन ‘अमजद खान’ या नावाने, अमली पदार्थांच्या तस्करीचं निमित्त दाखवून टॅप झाला, असा आरोप 2021 मध्ये विधानसभेत झाला. गंमत म्हणजे तेव्हा पटोले विरोधक नव्हते. भंडारा-गोंदियाचे भाजपचेच खासदार होते. तत्कालीन पुणे पोलीस आयुक्त रश्मी शुक्लांवर 2022 मध्ये पुण्यात आणि मुंबईत टॅपिंगचे गुन्हे नोंदवले गेले. मग सरकार बदललं. सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे दोन्ही गुन्हे रद्द केले. पुढे त्या पोलीस महासंचालक झाल्या. एका बाजूला गुन्हे सूड वाटले, दुसरीला बढती बक्षीस. ‘अमजद खान’ हे नाव कागदावर आलं कुठून, हा प्रश्न मात्र मागे पडला.

पोलीस बदल्यांच्या कथित रॅकेटचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. मार्च 2021 मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस टॅपिंगमधून मिळालेली माहिती घेऊन दिल्लीला केंद्रीय गृहसचिवांकडे गेले. राज्याच्या गुप्तवार्ता विभागाने सरकारी परवानगीने गोळा केलेला मजकूर असा विरोधकांच्या हातातलं हत्यार झाला. त्यावर राज्याचे तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी अहवाल दिला, की परवानगी घेताना दिशाभूल झाली. टॅपिंगच्या वेळी कुंटे गृह खात्याचे अतिरिक्त मुख्य सचिव होते. म्हणजे 1996च्या निकालाने ज्या पदावर भिस्त ठेवली, तिथूनच फसवले गेल्याची तक्रार आली. माझ्या मते तीन दशकांतली ही सर्वांत महत्त्वाची कबुली. पण तिच्यावर चर्चा झाली ती कुंटे कुणाचे, एवढीच.

अमेरिकेतही 2016 मध्ये पाळतीच्या कागदाचा असाच घोळ झाला. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेच्या पैशातून तयार झालेलं, माजी ब्रिटिश गुप्तहेर स्टील यांचं ट्रम्प यांच्याविषयीचं टिपण एफबीआयच्या हेरगिरीविरोधी तपासात, पाळतीच्या अर्जात वापरलं गेलं. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या 2019च्या अहवालाला तपास सुरू करण्यामागे राजकीय पूर्वग्रहाचा कागदोपत्री पुरावा मिळाला नाही. पाळतीच्या अर्जांत मात्र 17 गंभीर चुका आणि गाळलेल्या बाबी सापडल्या. तिथे तर परवानगी देणारं न्यायालय होतं, तरी ते फसलं. पण अर्ज उघडून ओळ न् ओळ तपासणारा कुणीतरी तिथे होता. आपल्याकडे 1885च्या कायद्याची जागा घेण्यासाठी 2023चा दूरसंचार कायदा आला, तरी नव्या नियमांत सही सचिवाची आणि फेरतपासणीही सचिवांचीच आहे.