तपासणीच्या आदल्या रात्रीचें भय

भिणें हें पाप आहे काय? उमेळें येथील एका वृद्ध वाडीवाल्यांनीं हा प्रश्न मला केला, आणि त्याचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. रेल्वेचा पूल चढतांना त्यांची छाती दाटून येई. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचें चित्र, ज्यास अँजिओग्राफी म्हणतात, तें घेतलें पाहिजे. मुंबईच्या एका रुग्णालयांत दिवस ठरला. आदल्या सायंकाळीं मी गेलों, तों पिशवी भरून तयार, परंतु काका ओटीवर खिन्न बसलेले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मी उद्यां जात नाहीं. न कळलेलेंच बरें. आणि मला इतकें भय वाटतें, त्या अर्थीं माझा विश्वासहि खोटाच असला पाहिजे."

ह्या बोलण्यांत दोन गोष्टी आहेत. त्यांचा निरनिराळा विचार करूं.

पहिली ही कीं, न कळलेलें बरें. ज्यानें वसईच्या वाडींत केळी शिंपल्या आहेत, त्यास ह्याचें उत्तर कठीण नाहीं. विहिरीस पाणी आहे, तरी शेवटची ओळ सुकूं लागली, तर शहाणा माणूस पाटाच्या कडेनें चालत जातो आणि माती कोठें साचली तें पाहतो. त्याच्या पाहण्यानें माती साचत नाहीं. ती आधींच साचलेली असते. न पाहिल्यानें माती निघून जात नाहीं. केळी मात्र जातात. तपासणी रोग आणीत नाहीं, ती त्याचें ठिकाण दाखविते.

हें पाहणें कसें होतें तेंहि समजून घ्यावें, कारण अंधारांत भय दुप्पट वाढतें. मनगटांतील किंवा जांघेंतील रक्तवाहिनींतून एक बारीक लवचिक नळी हृदयाच्या वाहिन्यांपर्यंत नेतात. तेवढीच जागा बधिर करितात. रुग्ण बहुधा जागा असतो. नळींतून औषध सोडून क्ष-किरणांनीं चित्र घेतात, म्हणजे रक्त कोठें अडतें तें दिसतें. औषध जातांना कित्येकांस अंगांत क्षणभर ऊन वाटतें. गंभीर अपाय शंभरांत एकाहूनहि कमी जणांस होतो. मुळींच होत नाहीं असें सांगणें मात्र खरें नव्हे. म्हणून मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाचीं औषधें, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, किंवा पूर्वीं एखादें औषध न सोसल्याचा अनुभव, हें सर्व डॉक्टरांस आधींच सांगावें, व आपल्या मनानें कोणतीहि गोळी बंद करूं नये. छातींतील कळ विसावा घेऊनहि न थांबल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

ह्या विद्येचा आरंभ मोठ्या जोखमीचा होता. १९२९ सालीं जर्मनींत वेर्नर फोर्समान ह्या तरुण डॉक्टरानें स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून हृदयापर्यंत नळी घातली, व चालत जाऊन तिचें क्ष-किरण-चित्र काढविलें. १९५६ सालीं इतर दोघांसह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. १९५८ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स ह्या डॉक्टराच्या हातून हृदयाच्याच वाहिनींत औषध अकस्मात् गेलें. रुग्णाचें हृदय क्षणभर थांबलें. त्यास खोकावयास सांगितलें, आणि तें पुनः चालूं लागलें. त्या प्रसंगापासून ही तपासणी निघाली. ती वाट आज लाखों रुग्णांनीं तुडविलेली आहे.

आतां दुसरी गोष्ट. भय वाटतें म्हणून विश्वास खोटा, हें खरें काय? आपल्या प्रभूनें गेथशेमाने बागेंत काय केलें तें आठवा. त्याचा जीव अति व्याकुळ झाला. तो प्याला टळावा अशी त्यानें प्रार्थना केली. परंतु तो बाग सोडून पळाला नाहीं. भय वाटणें हें आपल्या हातीं नाहीं. भयाच्या सांगण्यावरून चालावें कीं नाहीं, हें आपल्या हातीं आहे. दारचें कुत्रें भुंकतें तें घर राखण्यासाठीं, पण घराचा कारभार कोणी त्याच्या स्वाधीन करीत नाहीं.

त्या बागेंत प्रभूनें आपल्या मित्रांस जवळ जागें राहण्यास सांगितलें, आणि ते झोंपी गेले. उपदेशक बंधूंनो, हें आपणांसाठीं आहे. "भिऊं नका" एवढेंच म्हणून निघून जाणें हें झोंपी जाण्यासारखेंच आहे. बसावें, आणि नेमकें कशाचें भय वाटतें तें विचारावें. मीं विचारिलें तेव्हां कळलें कीं, काकांस नळीचें भय फारसें नव्हतेंच. चित्र घेतां घेतां, न विचारतां, पुढचा उपचारहि करितील, आणि त्या खर्चापायीं वाडी विकावी लागेल, हें शल्य त्यांच्या मनांत होतें. ह्यावर उपाय होता. कागदावर सही करण्यापूर्वीं डॉक्टरांस स्पष्ट विचारावें कीं, आज केवळ तपासणी कीं उपचारहि? खर्च किती? सरकारी योजनेंतून साह्य मिळेल काय? त्या रात्रीं आम्हीं हे प्रश्न एका कागदावर लिहिले. मुलासहि ओटीवर बोलाविलें. बापाच्या मनांतलें त्यानें तेव्हांच प्रथम ऐकिलें.

पहांटे वसई रोडहून आम्ही तिघे लोकलनें निघालों. काकांचा हात गार होता; भय गेलें नव्हतें. तरी ते गेले. चित्रांत काय निघालें हें मी येथें मुद्दाम लिहीत नाहीं. कारण तें चांगलें निघालें तरच त्यांचें जाणें योग्य, आणि वाईट निघालें तर अयोग्य, असें कोणास वाटूं नये. त्यांचें जाणें गाडींत बसले तेव्हांच योग्य ठरलें होतें.

तुमच्या गांवीं कोणी अशा तपासणीस जाणार असेल, तर आदल्या रात्रीं त्याच्या ओटीवर जाऊन बसा, आणि त्यास बोलूं द्या.