फुकट मुक्कामाचे बिल



‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण हसत हसत म्हणतो. ‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत’ असेही म्हणतो. या दोन म्हणी एकत्र केल्या की एक छोटेसे तत्त्वज्ञान तयार होते: जे फुकट मिळते ते घ्यावे आणि त्याबद्दल तक्रार करू नये. पण एखादी गोष्ट फुकट आहे असे आपण कधी म्हणू शकतो? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आज एका साध्या उदाहरणावरून त्याचा विचार करू या.

आपल्या भागातील एका कुटुंबाची ही गोष्ट आहे. मुलगा पुण्याला एका कंपनीत नोकरी करतो. कामानिमित्त त्याला महिन्यातले कितीतरी दिवस बाहेरगावी राहावे लागते. तो उतरतो ती हॉटेले एकाच साखळीतली असतात. गाव वेगळे, पण नाव तेच. प्रत्येक मुक्कामाला त्याच्या खात्यात काही पॉइंट जमा होतात आणि पुरेसे पॉइंट साठले की एक-दोन रात्री पैसे न देता राहता येते. गेल्या वर्षी त्याने आई, पत्नी आणि दोन मुलांना छत्रपती संभाजीनगरला नेले. आजीला वेरूळचे कैलास लेणे पाहायचे होते. केनवडहून मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा प्रवास करून मंडळी दमून हॉटेलवर पोचली.

हॉटेल एके काळी नावाजलेले असावे. आता भिंतीला ओल आली होती, गालिचा कुबट वास मारत होता, नळाला गरम पाणी नव्हते. मुलगा खाली चौकशीला गेला, तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने सांगितले, “सर, हे पॉइंटचं बुकिंग आहे. यात हीच खोली मिळते.” मुलगा चिडला. आजी म्हणाली, “फुकटाचं हाय नं बापू, कायले बोलतं?” सूनबाई मात्र म्हणाल्या, “अहो, फुकट कसं? इतक्या रात्री तुम्ही घराबाहेर काढल्या, त्याचंच तर आहे हे.”

सासू आणि सून या दोघींनी नकळत एक मोठा प्रश्न मांडला. पॉइंटवर मिळालेली खोली ही भेट आहे की ते येणे आहे? भेट असेल तर कृतज्ञता हवी. येणे असेल तर न्याय हवा.

भेट की येणे?

याचे उत्तर द्यायला तत्त्वज्ञाची गरज नाही, हिशेबनीस पुरेसा आहे. विमान कंपन्यांनी अशा योजना 1981 साली मोठ्या प्रमाणावर सुरू केल्या आणि 1983 पासून अमेरिकेतील हॉटेलांच्या साखळ्यांनी त्या उचलल्या. आज आपल्या देशातही लागू असलेल्या हिशेबाच्या नियमांनुसार, ग्राहकाने भरलेल्या पैशांतला जो भाग पॉइंटसाठी आहे तो कंपनीने लगेच आपली कमाई म्हणून दाखवायचा नसतो. ते ग्राहकाचे देणे म्हणून वहीत ठेवावे लागते. म्हणजे कंपनीची स्वतःची वहीच सांगते की ही खोली दान नाही. तिचे पैसे आधीच घेतलेले आहेत.

म्हणून येथे सूनबाईंचे बरोबर आहे. ज्याचे जे आहे ते त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले. विक्रीतील सचोटीवर लिहिताना त्यांनी एका डोळ्याने आंधळ्या घोड्याचे उदाहरण घेतले आहे. दोष उघड दिसत असेल तर विकणाऱ्याने तो ओरडून सांगायलाच हवा असे नाही, पण किंमत त्या मानाने कमी असावी. दोष लपलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर मात्र तो सांगितलाच पाहिजे. जाहिरातीत चकचकीत खोलीचे जुने छायाचित्र लावायचे आणि प्रत्यक्षात ओल आलेली खोली द्यायची, हा डोळा झाकून विकलेला घोडा आहे. गरम पाणी मागण्यात त्या मुलाची कोणतीही हाव नव्हती. सौम्य शब्दांत मागितलेला हक्क हा अहंकार नव्हे.

पण पॉइंट कोणाचे?

येथपर्यंत मुलाची बाजू भक्कम आहे. पुढचा प्रश्न थोडा अडचणीचा आहे. खोलीचे पैसे आधीच भरले गेले होते हे खरे, पण ते भरले कोणी? त्याच्या कंपनीने. मग पॉइंट कंपनीचे की त्याचे?

यावर शहाण्या माणसांनीही वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. आपल्या केंद्र सरकारने 2008 साली प्रवासभत्त्याच्या आदेशात स्पष्ट केले, की सरकारी कामाच्या विमान प्रवासातून मिळालेले पॉइंट सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, खासगी प्रवासासाठी नाही. अमेरिकेने याच्या उलट केले. तेथे 2001 साली कायदा करून केंद्रीय कर्मचाऱ्यांना असे पॉइंट स्वतःसाठी वापरण्याची मुभा देण्यात आली. जर्मनीत 2002 च्या उन्हाळ्यात या विषयावरून मोठे वादळ उठले. संसदीय कामाच्या प्रवासातले पॉइंट खासगी सहलींना वापरल्यामुळे चेम ओझ्डेमिर आणि ग्रेगोर गिझी या दोन नामवंत नेत्यांना आपली पदे सोडावी लागली.

म्हणजे एकच कृती एका ठिकाणी हक्क ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी गैरव्यवहार. मग नीती ही केवळ देशोदेशीची सोय आहे काय? तसे नाही. नियम बदलतात, पण नियमांमागचा प्रश्न सगळीकडे एकच आहे: ज्याचा पैसा आहे त्याला हे माहीत आहे का, आणि त्याची संमती आहे का? खासगी कंपनीला ठाऊक असेल आणि तिची हरकत नसेल, तर पॉइंट कर्मचाऱ्याचे आहेत. पगारासोबत मिळालेली ती एक सवलत समजावी. परंतु आणखी एक कसोटी आहे, आणि ती कोणताही साहेब लावू शकत नाही. स्वस्त आणि चांगले हॉटेल शेजारी असताना, केवळ आपले पॉइंट वाढावेत म्हणून मी कंपनीच्या पैशाने महाग हॉटेल निवडले का? तसे असेल तर नियमाच्या कागदावर सही असूनही ती चोरी आहे. हा हिशेब माणूस आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी यांच्यामध्येच होतो.

सूनबाईंच्या बोलण्यातला दुसरा अर्थही विसरू नये. पैसे कंपनीने भरले, पण रात्री कोणी भरल्या? बाप घरी नसताना मुलाचा ताप उतरेपर्यंत जागत बसलेल्या आईने. “बाबा कधी येणार?” असे विचारत झोपी गेलेल्या मुलांनी. त्या दोन रात्री कुटुंबाला देताना मुलगा उपकार करीत नव्हता. घराचे जे देणे होते, त्यातले थोडेसे तो फेडत होता. नोकरीसाठी बाहेर राहणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक बापाने यावर विचार करावा. घरच्यांच्या वहीत आपल्या नावावर किती रात्री मांडलेल्या आहेत?

वहीत न लिहिलेली माणसे

मोठ्या साखळीचे नाव दारावर असले तरी पुष्कळदा इमारत दुसऱ्याच मालकाची असते. नाव वापरण्यासाठी तो साखळीला पैसे देतो. पॉइंटवर पाहुणा आला की साखळी त्याला ठरलेली रक्कम देते, आणि हॉटेल भरलेले नसेल तर ती बहुधा नेहमीच्या भाड्यापेक्षा बरीच कमी असते. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला पैसा लागतो, तो पुढे ढकलला जातो आणि पॉइंटवाल्या पाहुण्याला कोपऱ्यातली खोली मिळते. यामुळे मालकाचे कर्तव्य संपत नाही. पण काउंटरवरच्या तरुणावर ओरडण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे, की ही व्यवस्था त्याने तयार केलेली नाही.

खोली झाडणाऱ्या बाईचा विचार तर कोणत्याच वहीत नसतो. पाहुणा रोख पैसे देणारा असो की पॉइंटवाला, चादर तिला तशीच बदलावी लागते, संडास तसाच घासावा लागतो. आपली रात्र फुकट असते, तिचे श्रम फुकट नसतात. म्हणून तक्रार करायची ती व्यवस्थापकाकडे, आणि निघताना दोन शब्द आणि शक्य असेल तर चार पैसे तिच्या हाती द्यायचे. न्यायाने मागावे आणि कृतज्ञतेने घ्यावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

खरोखरचे फुकट

मग जगात खरोखर फुकट असे काही नाहीच काय? आहे. आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. गोरगरीब यात्रेकरूंना पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून त्यांनी लोकांकडून मदत मिळवली. खराटा मात्र त्यांच्याच हातात असे. धर्मशाळेत उतरणाऱ्याने कोणतेही पॉइंट जमवलेले नव्हते. तो थकलेला आहे, एवढीच त्याची पात्रता होती.

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण अनेकदा ऐकतो, पण त्यातील उतारशाळेच्या मालकाकडे आपले लक्ष जात नाही. शोमरोन्याने त्याला दोन दीनार दिले आणि आणखी खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. जखमी माणसाला तो मुक्काम फुकट होता, पण मालकाला कोणी फुकट राबवले नाही. प्रेमाने न्यायाला बाजूला सारले नाही. प्रेमाने न्यायाचे बिल स्वतः भरले. परमेश्वराची कृपा अशीच असते. ती आपल्याला मोफत मिळते याचा अर्थ तिची किंमत नाही असा नव्हे. ती दुसऱ्याने चुकवली आहे, आणि क्रुसाकडे पाहताना आपण हेच आठवतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘फुकट’ हा शब्द तोंडात आला, की क्षणभर थांबावे आणि विचारावे: याचे बिल कोणी भरले? आपणच भरले असेल, तर संकोच न करता आपला हक्क मागावा. दुसऱ्याने त्याच्या नकळत भरले असेल, तर त्याला परत करावे. आणि कोणी प्रेमाने भरले असेल, तर गाईचे दात मोजत बसू नये. गुडघे टेकून आभार मानावेत, आणि आपल्या दारी येणाऱ्या थकलेल्या माणसासाठी तसेच बिल एकदा तरी आपण भरावे.

आपला सेवक,
तुमचे फादर