प्रहार आणि लय

मारामारीच्या दृश्याला संगीत देणं अवघड असतं, कारण त्या दृश्यात लय आधीच असते: पवित्रा, दबा, झेप, आघात. वाद्यवृंदाने प्रत्येक ठोशावर झांज वाजवली तर ते नुसतं री ओढणं होतं. ठोशांकडे पाठ फिरवली तर स्वर आणि चित्र एकमेकांना परके होतात. १९७३च्या ‘एंटर द ड्रॅगन’ या चित्रपटात संगीतकार लालो शिफ्रिनने या पेचातून वाट काढली.

शिफ्रिन ब्यूनोस आयर्सचा, व्हायोलिनवादकाचा मुलगा. पॅरिसमध्ये तो संगीतकार ओलिव्हिए मेसियाँकडे शिकला, रात्री जाझ वाजवत राहिला आणि पुढे डिझी गिलेस्पीचा पियानोवादक झाला. मेसियाँला लयीचं वेड होतं. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले १२० देशी ताल त्याने अभ्यासले होते, तो ग्रंथ तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला. शिष्याने ते ताल उचलले असं म्हणणं धाडसाचं होईल. मात्र विषम लयीची ओढ त्याच्यातही दिसते. ‘मिशन: इम्पॉसिबल’ या दूरचित्रवाणी मालिकेची त्याची १९६६ची धून पाच ठोक्यांची आहे, त्यांचे अर्धे मोजले तर दहा, तीन-तीन-दोन-दोन असे. आपल्या झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा पडतात. ‘एंटर द ड्रॅगन’चा नायक ब्रूस ली ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या धुनेवर सराव करत असे, असं शिफ्रिन सांगायचा. ते पटतं. पुढचा ठोका कुठे पडेल याचा अंदाज येऊ न देणं, हेच तर लढवय्याचंही कसब.

‘एंटर द ड्रॅगन’च्या शीर्षकसंगीतात पितळी वाद्यं, वा-वा गिटार आणि फंकचा ठेका यांच्यामधून लीच्या आरोळ्या घुसतात. आरोळी इथे वाद्यच होते, आणि देह व वाद्यवृंद एका तालात येतात. पूर्वेचा आभास देणारी पंचस्वरी सुरावट त्यामानाने सोपी वाट आहे. भूप रागातही पाचच स्वर असतात, पण ते घेतले म्हणून भूप होत नाही. त्याला चलन, म्हणजे स्वरांची खास चाल, लागतं. शिफ्रिनच्या चिनी सुरांना तसं चलन नाही, ते दुकानावरच्या पाटीसारखे वाटतात.

चित्रपट अमेरिकेत झळकला तेव्हा लीला जाऊन महिना झाला होता. पुढे या संगीताची नक्कल करणाऱ्यांनी बहुधा सूर उचलले. उचलण्याजोगी होती ती लय. शिफ्रिनचा चीन उसना असला, तरी लय अस्सल आहे.